यादी कोणाच्या पोटात ठेवायची?

हुबळी-धारवाडच्या परिसरात शेतीसाठी सॉफ्टवेअर करायला बसलं की काम कुठूनही सुरू झालेलं असो, ते शेवटी उताऱ्यापाशी येतं. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांची नोंद ठेवायची असो, पीककर्जाचे अर्ज छाननीला लावायचे असोत, की कुंदगोळच्या मिरचीचा आणि नवलगुंदच्या हरभऱ्याचा हंगामाआधी अंदाज काढायचा असो, हाताशी येतो तो एक सर्व्हे नंबर, त्याचा हिस्सा, त्याचे खातेदार, त्यावरचा बोजा आणि हंगामवार पिकं. सरकारी कागदावर याला आरटीसी म्हणतात, बोलण्यात उतारा. धारवाड जिल्हा 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या दप्तराची ठेवण महाराष्ट्रातल्या सातबाराला जवळची आहे. एक जमीन, तिच्या आत माणसांची यादी, पिकांची यादी, बोजांची यादी. ही रचना नोएसक्यूएल डेटाबेसला इतकी सोयीची दिसते की ती जशीच्या तशी उचलून ठेवण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा, असं मला या कामाच्या अनुभवावरून ठामपणे वाटतं. यादीतल्या एखाद्या ओळीबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारला जाणार असेल, तर ती ओळ दुसऱ्या नोंदीच्या पोटात ठेवू नये, तिला स्वतःची नोंद द्यावी. वेगाचा मुद्दा इथे दुय्यम आहे. खरी काळजी वेगळी आहे: पोटातल्या यादीला प्रश्न विचारला की उत्तर चुकीचं येऊ शकतं, आणि ते चुकल्याची खूण कुठेच उमटत नाही.

नेमकं काय घडतं ते एका नमुन्यावरून पाहू. मोंगोडीबीसारख्या नोएसक्यूएल डेटाबेसमध्ये रकान्यांनी आखलेला तक्ता नसतो. एक संपूर्ण नोंद, म्हणजे एक डॉक्युमेंट, एकत्र ठेवलं जातं आणि त्याच्या आत याद्या, याद्यांच्या आत आणखी याद्या चालतात. नमुन्याखातर सर्व्हे नंबर 74, हिस्सा 2, क्षेत्र 5 एकर अशी एक जमीन घ्या. तिच्या डॉक्युमेंटमध्ये ‘पिकं’ नावाची यादी आहे आणि तिच्यात दोन ओळी आहेत. पहिली: खरीप, मका, 4 एकर, कोरडवाहू. दुसरी: रब्बी, हरभरा, 1 एकर, बागायत. आता कुणीतरी विचारतं, बागायत मका किती शेतांत आहे? साधी क्वेरी दोन अटी घालते: पिकांमधलं पीक ‘मका’ असावं, पिकांमधला पाण्याचा प्रकार ‘बागायत’ असावा. हे शेत दोन्ही अटी पूर्ण करतं. मका पहिल्या ओळीत सापडला, बागायत दुसऱ्या ओळीत सापडलं, आणि दोन्ही अटी एकाच ओळीने पूर्ण कराव्यात असं क्वेरीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. डेटाबेस चुकला नाही. विचारलं तेच त्याने सांगितलं. पण विचारणाऱ्याच्या मनात वेगळं होतं, आणि ज्या शेतात मक्याला पाण्याचा थेंब मिळालेला नाही ते बागायत मक्याच्या आकड्यात जाऊन बसलं.

आकड्यांच्या बाबतीत हाच घोळ जास्त फसवा होतो. दोन ते तीन एकरांच्या दरम्यान पेरणी असलेली शेतं मागा. वरच्या शेतात अशी एकही ओळ नाही, एक 4 एकरांची आहे आणि दुसरी 1 एकराची. तरीही ते शेत उत्तरात येतं, कारण 4 हा आकडा दोनपेक्षा मोठा आहे आणि 1 हा तीनपेक्षा लहान आहे. क्षेत्रानुसार क्रम लावायला सांगितला तर चढत्या क्रमात यादीतला सर्वांत लहान आकडा धरला जातो आणि उतरत्या क्रमात सर्वांत मोठा. म्हणजे तेच शेत एकदा एक एकरवाल्यांत बसतं, एकदा चार एकरवाल्यांत. या सगळ्याला नियम आहेत, ते लिहून ठेवलेले आहेत आणि त्यांत विसंगती नाही. पण शेताबद्दल विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते नियम नसतात.

नकारार्थी प्रश्न तर सगळ्यांत अवघड. ‘कापूस नसलेली शेतं’ म्हणजे काय? यादीवर साधी ‘बरोबर नाही’ अशी अट घातली तर ज्या शेतांच्या एकाही ओळीत कापूस नाही ती येतात. तीच अट एकेका ओळीला लावली तर निदान एका ओळीत कापसाखेरीज काहीतरी असलेली शेतं येतात, म्हणजे कापसाबरोबर कांदा लावणाराही येतो. शिवाय पहिल्या प्रकारात ज्यांची पिकांची यादी रिकामी आहे आणि ज्यांच्या डॉक्युमेंटमध्ये ती यादीच नाही, अशी सगळी शेतं आपसूक आत येतात. रिकामी यादी म्हणजे जमीन पड होती. यादीच नाही म्हणजे पाहणी करणारा तिथवर पोचलाच नव्हता. पीकविमा असो की दुष्काळाची भरपाई, या दोन परिस्थितींचा अर्थ शेतकऱ्यासाठी पूर्ण वेगळा असतो. एकात त्याने पेरलं नाही, दुसऱ्यात त्याने पेरलं असेल पण कुणी पाहिलं नाही. क्वेरी या दोघांना एकाच रांगेत उभं करते.

बेरजा करताना दोन चुका एकमेकींना झाकतात, आणि मला या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. यादीतल्या ओळींवर हिशेब करायचा तर आधी अनवाइंड करून यादी उलगडावी लागते: एका डॉक्युमेंटच्या जितक्या ओळी तितक्या नोंदी होतात. वरच्या शेताला तीन खातेदार आहेत असं धरा. खातेदारांची यादी उलगडली की तीन नोंदी, मग पिकांची यादी उलगडली की सहा. आता पेरणीखालचं क्षेत्र मोजलं तर 4 अधिक 1 हे पाच एकर तीनदा धरले जाऊन पंधरा होतात. जमिनीचं मूळ क्षेत्र मोजलं तर पाच एकर सहादा, म्हणजे तीस. दुसरीकडे अनवाइंडचा मूळ स्वभाव असा की ज्या डॉक्युमेंटची यादी रिकामी आहे ते पुढच्या टप्प्यावर जातच नाही, वेगळं सांगितल्याशिवाय ते गळून पडतं. म्हणजे सामाईक खात्यांची शेतं फुगतात आणि पड शेतं नाहीशी होतात. एका गावात दोन्ही प्रकार असले की एकूण आकडा खऱ्याच्या आसपास कुठेतरी येऊ शकतो. तो पाहणाऱ्याला पटतो. खरिपात हरभरा किंवा तलावाच्या पात्रात भुईमूग दाखवला असता तर कुणीही बोट ठेवलं असतं. चूक जोवर हास्यास्पद नसते तोवर ती अहवालात जाते, अहवालावरून बियाण्याची मागणी ठरते, गोदामाची जागा ठरते आणि कर्जाची मर्यादाही ठरते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि त्यात तथ्यही आहे. मोंगोडीबीमध्ये एलेममॅच आहे, ‘या सगळ्या अटी एकाच ओळीने पूर्ण कराव्यात’ असं त्याने सांगता येतं. रिकाम्या याद्या जपण्याचा पर्याय अनवाइंडमध्ये आहे. मग ज्याला हत्यार वापरता येत नाही त्याने हत्याराला दोष का द्यावा? मी दोष हत्याराला देत नाही, रचनेला देतो. जी रचना बरोबर उत्तरासाठी प्रत्येक क्वेरी लिहिणाऱ्याच्या, प्रत्येक वेळच्या सावधपणावर अवलंबून आहे, ती फार काळ बरोबर राहत नाही. एलेममॅच विसरलं तर एरर येत नाही, क्वेरी संथ होत नाही, पडद्यावर काही लाल होत नाही. आणि एलेममॅच लावूनही काम संपत नाही. अटीत बसणारं डॉक्युमेंट सापडलं तरी ते अख्खं परत येतं, सगळ्या ओळींसकट. फक्त जुळलेली ओळ हवी म्हणून परतीच्या भागातही एलेममॅच लावलं तर जुळलेल्यांपैकी पहिलीच ओळ मिळते. एकाच शेतात दोन हंगामांत बागायत पीक असेल तर दुसरं गुपचूप गळतं. सगळ्या जुळलेल्या ओळी हव्या असतील तर यादीला वेगळी चाळणी लावावी लागते. यादीच्या आत यादी असेल, समजा हंगामाच्या आत पिकं आणि पिकाच्या आत फवारण्या, तर प्रत्येक पातळीवर हे सगळं पुन्हा. हुबळीसारख्या गावात एकच माणूस एका प्रकल्पावर दहा वर्षं बसत नाही. केएलई टेक किंवा एसडीएम कॉलेजमधून नुकतं बाहेर पडलेलं पोर दोन वर्षं हात बसवतं आणि बंगळूरु नाहीतर पुण्याची वाट धरतं. त्याच्या जागी आलेल्याला ही सगळी पथ्यं ठाऊक असतील हे गृहीत धरणं त्याच्यावर अन्याय आहे आणि शेतकऱ्यावरही.

अडचण एकट्या मोंगोडीबीची नाही, हे दाखवणारा सर्वांत बोलका पुरावा इलास्टिकसर्च या शोधयंत्रणेत आहे. तिथे वस्तूंची यादी साध्या पद्धतीने ठेवली की तिचे तुकडे सपाट होतात: सगळी पिकं एका ढिगात, सगळे पाण्याचे प्रकार दुसऱ्या ढिगात, आणि कुठल्या पिकाला कुठलं पाणी हे नातं मिटतं. ते नातं टिकवायचं तर यादीला नेस्टेड प्रकार द्यावा लागतो. हा प्रकार आतून काय करतो? यादीतल्या प्रत्येक ओळीचं वेगळं, वापरणाऱ्याला न दिसणारं डॉक्युमेंट बनवतो. म्हणजे यंत्राला बरोबर उत्तर द्यायचं असेल तर तेही शेवटी ओळीला स्वतःची नोंदच देतं. एडगर कॉडने 1970 साली रिलेशनल मॉडेलचा जो निबंध लिहिला त्यात हाच प्रश्न उदाहरणासकट आहे: कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या आत नोकऱ्यांचा इतिहास, त्या इतिहासाच्या आत पगाराचा इतिहास, शिवाय मुलांची यादी. कॉडने त्याचे चार वेगळे तक्ते केले आणि वरची ओळख खालच्या प्रत्येक तक्त्यात नेऊन ठेवली. त्याच्यासमोर आयबीएमच्या आयएमएससारख्या शिडीच्या रचनेच्या प्रणाली होत्या, जिथे वरून खाली उतरणं सोपं आणि खालून वर विचारणं महाग. नोएसक्यूएलची लाट आली तेव्हा पुष्कळांना वाटलं की कॉडचा काळ सरला. त्याच्या तक्त्यांचा आग्रह सैल झाला हे खरं, पण ज्या कारणासाठी त्याने याद्या फोडल्या ते कारण तसंच आहे.

दुसरा आक्षेप इंडेक्सचा. यादीतल्या फील्डवर इंडेक्स लावला की मोंगोडीबी प्रत्येक ओळीसाठी इंडेक्समध्ये वेगळी नोंद करतो, त्यामुळे शोध जलद होतो. मान्य. पण एकाच जोड-इंडेक्समध्ये दोन समांतर याद्या चालत नाहीत, म्हणजे ‘अमुक खातेदार आणि अमुक पीक’ या रोजच्या प्रश्नाला एकत्रित इंडेक्स मिळत नाही. डायनामोडीबी या दुसऱ्या नोएसक्यूएल डेटाबेसमध्ये तर यादीच्या आतल्या गोष्टीवर इंडेक्सच लावता येत नाही, इंडेक्सची चावी नोंदीच्या वरच्या पातळीवरचं साधं मूल्य असावं लागतं. तिथे एका नोंदीची मर्यादा 400 केबी आहे. उतारा तिथवर जाईल का? एक पीक-ओळ 200 बाइट धरली आणि वर्षाला आठ ओळी धरल्या, तर शंभर वर्षांचा इतिहास 160 केबीच्या आसपास जातो. मर्यादा आडवी येत नाही. आडवं येतं ते बिल. वाचनाचा आकार अख्ख्या नोंदीवर ठरतो आणि गाळणी वाचून झाल्यावर लागते, त्यामुळे गेल्या रब्बीची एक ओळ पाहायला संपूर्ण 160 केबी वाचावं लागतं. एका पूर्ण वाचनाच्या एककात 4 केबी बसतात, म्हणजे एका ओळीसाठी चाळीस एककं. तालुक्यातले सगळे सर्व्हे नंबर चाळायचे म्हटलं की हिशेब कुठे जातो ते सांगायला नको.

या प्रश्नावरचा सर्वांत चांगला विचार मला मात्र डेटाबेसच्या पुस्तकांत सापडत नाही, तो जुन्या मुंबई इलाख्याच्या गावदप्तरात सापडतो. संगणकाच्या कितीतरी आधी तलाठ्याच्या दप्तरात हा पेच सोडवलेला होता. सातबारा हा एक नमुना नाहीच. गाव नमुना 7 ही हक्काची नोंद आणि गाव नमुना 12 ही पिकांची नोंद. दोन वेगळे नमुने एका कागदावर छापून हातात दिले जातात, इतकंच. हक्क वर्षानुवर्षं स्थिर राहतात आणि पिकं हंगामागणिक बदलतात, म्हणून ज्यांनी हे नमुने आखले त्यांनी पिकांची यादी हक्काच्या पोटात घातली नाही. तिला तिची वेगळी नोंदवही दिली आणि दोन्हींमध्ये सर्व्हे नंबर हा दुवा ठेवला. आपण प्रोग्रॅम लिहिणारे लोक हातात पडलेला कागद पाहतो आणि साठवणही तशीच असणार असं समजतो. एकत्र दाखवायचं ते एकत्रच साठवायचं हा निष्कर्ष त्या कागदावरून निघत नाही.

पुढची पायरी आणखी नेमकी. नमुना 7 जमिनीच्या बाजूने लावलेला आहे: नंबर सांगा, मालक मिळतील. पण सारा वसूल करणाऱ्याला, तगाई देणाऱ्याला प्रश्न उलट्या बाजूने पडायचा: अमुक माणसाच्या नावावर या गावात एकूण किती जमीन? त्यासाठी प्रत्येक सातबारा उलटून त्याच्या आतल्या खातेदारांच्या यादीत नाव शोधायचं? म्हणून नमुना 8अ आला, खातेदाराच्या बाजूने लावलेली नोंदवही. आज कर्नाटकात फ्रूट्स प्रणालीमध्ये शेतकऱ्याला एफआयडी मिळतो आणि त्या क्रमांकाखाली त्याच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या जमिनी एकत्र येतात, तेही याच गरजेतून. भूमी प्रकल्पाने कर्नाटकातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले आणि तालुक्याच्या ठिकाणी छापील उतारा मिळू लागला, पण सर्व्हे नंबर सांगून उतारा काढणं आणि माणसाचं नाव सांगून त्याच्या जमिनी काढणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघांची तयारी वेगवेगळी करावी लागते. जो प्रश्न वारंवार विचारला जातो त्याच्या बाजूने लावलेली नोंद हवीच, हे गावदप्तराने कधीच मान्य केलेलं होतं.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की आज ना उद्या दोन्हींत फरक पडणार. सातबारावर एक नाव आणि 8अवर दुसरं, ही तक्रार महसूल खात्याला नवी नाही. यादी पोटात ठेवली की निदान सत्य एकाच जागी राहतं, आणि एका डॉक्युमेंटमधला बदल मोंगोडीबी पूर्ण करतो नाहीतर अजिबात करत नाही, अर्धवट सोडत नाही. हा फायदा खरा आहे आणि तो सोडताना किंमत मोजावी लागते. पण गावदप्तराकडे याचंही उत्तर आहे, ते म्हणजे गाव नमुना 6, फेरफाराची नोंदवही. खरेदी असो, वारसा असो, वाटणी असो, हक्कातला बदल सातबारावर थेट लिहायचा नसतो. आधी फेरफाराला क्रमांकासकट नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मग तिचा अंमल सातबारावर आणि 8अवर दिला जातो. सातबारावरच्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, इथल्या आरटीसीवर एम.आर. नंबर. दोन नोंदवह्यांत फरक पडलाच तर कोणती खरी याचा वाद घालत बसावं लागत नाही, दोघींना फेरफाराशी ताडून पाहता येतं. डेटाबेसमध्ये याचा अर्थ असा की बदल आधी बदलांच्या कलेक्शनमध्ये लिहावा, जमिनीची आणि माणसाची नोंद त्यातून तयार व्हावी, आणि प्रत्येकीवर आपण कुठल्या बदलापर्यंत आलो आहोत तो क्रमांक असावा. मोंगोडीबीत 2018 च्या 4.0 आवृत्तीपासून अनेक डॉक्युमेंटांवर एकत्र व्यवहारही करता येतो. तो महाग असतो, पण हक्कांच्या बदलासारख्या क्वचित होणाऱ्या, महत्त्वाच्या लिखाणासाठी ती किंमत योग्य आहे. दुहेरी नोंद धोक्याची ठरते ती उगम ठरलेला नसतो तेव्हा.

मग जॉइनचं काय, असं विचारलं जातं. वेगळ्या नोंदी केल्या की त्या जोडाव्या लागणार, आणि जोडणी टाळायची म्हणून तर नोएसक्यूएल घेतलं. व्यवहारात पीक-नोंदीवर गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि हंगाम एवढं लिहून ठेवलं की बहुतेक प्रश्नांना जोडणी लागतच नाही. उरलेल्यांसाठी मोंगोडीबीत लुकअप ही जोडणीची सोय 2015 पासून आहेच. उलट यात एक फायदा दडलेला आहे. हिश्श्याची फोड होऊन 74/2 चे दोन पोटहिस्से झाले की पोटातली पिकांची जुनी यादी कोणत्या पोटहिश्श्यात टाकायची हा प्रश्न अवघड होतो. स्वतंत्र पीक-नोंद त्या वेळच्या हिश्श्याच्या नावाने तशीच राहते, कारण ते पीक त्या वेळच्या हिश्श्यात होतं आणि ते बदलायचं कारण नाही. ज्यांना यावर वाटतं की मग सरळ पोस्टग्रेससारखा तक्त्यांचा डेटाबेस घ्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पुष्कळ कामांना तेच बरं. पण तिथेही जेसनबी प्रकारच्या रकान्यात यादी कोंबली आणि दोन याद्या एकत्र उलगडल्या की पाचाचे पंधरा एकर होतातच. आणि शिवारात नेटवर्क नसताना मोबाइलवर भरलेली, गावागणिक थोडी वेगळी असलेली माहिती गोळा करायला डॉक्युमेंट डेटाबेस सोयीचा पडतो, हेही तितकंच खरं. तो सोडा असं मी म्हणत नाही.

सगळ्याच याद्या बाहेर काढाव्यात असंही नाही. मोबाइल हातात धरून शेताच्या कडेने फिरून जे बिंदू घेतले जातात, त्यांची यादी शेताच्या पोटातच शोभते. एकट्या सातव्या बिंदूबद्दल कुणी काही विचारत नाही, त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि वाचायचे तर सगळे एकदम. अमरगोळच्या एपीएमसीत माल विकल्यावर मिळणाऱ्या पट्टीचंही तसंच. हमाली, तोलाई, पोत्यांची वजनं या ओळी त्या पट्टीच्या आहेत, पट्टी एकदा दिली की त्या बदलत नाहीत आणि पट्टीवाचून त्यांना अर्थ नाही. मात्र त्याच पट्टीवरून ‘या आठवड्यात कांद्याचा भाव काय निघाला’ असं विचारायला सुरुवात झाली की विक्रीची ओळ स्वतंत्र व्हायला हवी. पट्टी जशीच्या तशी पुरावा म्हणून राहू द्यावी आणि भावासाठी वेगळी नोंद असावी. कसोटी एकच, ओळीला कुणी एकटं गाठून प्रश्न विचारतं का. आणि हे उत्तर काळाप्रमाणे बदलतं. पहिल्या वर्षी फवारण्यांची यादी कुणी पाहत नाही, निर्यातीची ऑर्डर आली की प्रत्येक फवारणीची तारीख आणि औषध विचारलं जातं.

सगळ्यांत अवघड जागा मिश्र पिकाची, आणि ती या भागातच ठसठशीत दिसते. धारवाड, कुंदगोळ, गदगच्या पट्ट्यात एकाच रानात मिरची, कांदा आणि कापूस एकत्र घेण्याची जुनी पद्धत आहे. कांदा आधी निघतो, मग मिरची, आणि कापूस शेवटपर्यंत राहतो. समजा, तीन एकरांत ही तीन पिकं आहेत. पिकांची यादी पोटात ठेवा की बाहेर काढा, प्रत्येक ओळीवर तीन एकर लिहिलं तर बेरीज नऊ होते, आणि एकेक एकर लिहिलं तर कांद्याच्या उत्पादनाचा अंदाज एक तृतीयांशावर येतो. एलेममॅच इथे मदत करत नाही, नुसती स्वतंत्र नोंदही करत नाही. इथे मोजमापाचा घटक ठरवावा लागतो. माझा अनुभव असा की घटक पीक धरू नये, रान आणि हंगाम यांची जोडी धरावी: त्या जोडीची एक नोंद, तिच्यावर क्षेत्र एकदाच, आणि प्रत्येक पिकाच्या वेगळ्या नोंदीवर त्या जोडीचा क्रमांक, पिकाचा वाटा, पेरणीच्या ओळींचं प्रमाण. जमिनीचं क्षेत्र मोजायचं असेल तर जोड्या मोजाव्यात, कांद्याचं उत्पादन काढायचं असेल तर पिकाच्या नोंदी मोजाव्यात. दोन्ही प्रश्नांना आपापली जागा मिळते आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळत नाही. वाटा कसा लिहायचा, तासांच्या संख्येवर, बियाण्याच्या वजनावर की शेतकऱ्याच्या अंदाजावर, हे डेटाबेस सांगू शकत नाही. ते शेतावर उभं राहून शेतकऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तो प्रश्न पाहणीच्या फॉर्मवर पहिल्या दिवसापासून असावा लागतो, कारण कापूस वेचून रान नांगरलं की नंतर तो भरून काढता येत नाही.